पहिली मूठ कोणाची?

झुलालनानाला शिंक आली की तो आधी भिंतीला कान लावायचा. पलीकडे अभिमन शिंकलेला असला तर आपण निदान दोनदा शिंकावं, एवढीच त्याची आयुष्याकडून अपेक्षा. दुसरी शिंक आली नाही तर तो नाकात धोतराचा पीळ घालून ती आणायचा, पण आणायचाच.

गिरणेच्या काठी, भडगावपासून सायकलीने अर्ध्या तासावर तामखेडे आहे. तिथे या दोघा चुलतभावांची घरं एका भिंतीला पाठ लावून उभी होती. झुलालचा बाप थोरला, अभिमनचा बाप पुना धाकटा. पण जन्माच्या बाबतीत अभिमनने डाव साधला आणि झुलालच्या आठ दिवस आधी जगात आला. म्हणजे घर थोरलं झुलालचं आणि वय थोरलं अभिमनचं. देवाने भांडणाची अशी नेटकी मांडणी करून ठेवल्यावर माणसांना फारसं काही करायचं उरत नाही.

तरी तरुणपणी या चढाओढीचं गावाला कौतुकच होतं. कापूस वेचायला दोघे शेजारशेजारच्या ओळी धरायचे आणि दुपारपर्यंत चार माणसांचं काम उरकायचे. अभिमन सातवीच्या फायनलला बसतोय म्हटल्यावर झुलालही बसला. परीक्षेच्या आदल्या दिवशी झुलालला अपूर्णांकांची बेरीज येईना, तेव्हा अभिमननेच त्याला चिंचेखाली बसवून ती शिकवली. "तू नापास व्हयना तं मी कोनले हरावू?" असं तो म्हणाला. दोघेही पास झाले. झुलालला तीन मार्क जास्त पडले. ते तीन मार्क त्याने पुढे चाळीस वर्षं वापरले.

झुलालला विषमज्वर झाला त्या वर्षी अभिमनने न सांगता त्याचं शेत नांगरून टाकलं. उपकार म्हणून नव्हे, तास किती सरळ निघतो ते दाखवायला. झुलाल अंथरुणातून उठून, काठी टेकत बांधावर गेला, एक डोळा मिटून तास पाहिला आणि म्हणाला, "मधमा जरासा वाकडा शे." अभिमन तिथेच ढेकळावर बसून हसला. घरी येईपर्यंत दोघे हसत होते. झुलालचा ताप त्या दिवशी उतरला, असं त्याची बायको भागाबाई सांगते.

हे असंच चाललं असतं. पण मधे कानबाईचा रोट आला.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते. त्या आधी रोटाचं, म्हणजे देवीच्या नैवेद्याचं, धान्य मोजतात. या घराण्याची रीत अशी होती की दोन्ही घरांचा रोट एक. झुलालची आई धुरपदाबाई ओसरीवर सूप घेऊन बसायची आणि घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने त्यात सव्वा मूठ गहू पडायचा. ज्याची मूठ त्याने टाकायची, लहानग्याची त्याच्या बापाने. मुठी मोजणीपुरत्या. मग दर मुठीमागे म्हातारी सव्वा किलो गहू आणि त्याच्या निम्मी हरभऱ्याची डाळ काढायची, आणि ते सगळं तोतारामच्या चक्कीवर दळायला जायचं. तोताराम त्या दिवशी चक्की धुऊन ठेवायचा, रोटाच्या आधी दुसरं दळण घ्यायचा नाही. त्या पिठाच्या पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची भाजी, असा सगळा थाट. मात्र तो खायचा भाऊबंदांनीच. परक्याच्या तोंडी जायचा नाही, गुराच्या तोंडी जायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपलाच पाहिजे. उरला तर नदीत.

आणखी एक नियम होता. एकदा रोट वेगळा केला की तो घराण्यापासून वेगळा. मग त्या घरचा घास या घरी चालत नाही.

एकोणीसशे ऐंशी साली सूप मांडलं तेव्हा झुलालच्या पाच मुठी झाल्या. तो स्वतः, आणि रतिलाल, बन्सीलाल, छगन, वना ही चार मुलं. अभिमनच्याही पाचच. तो, म्हातारा पुना आणि तीन मुलं. बरोबरी झाली. झुलाल मिशीवरून हात फिरवत उठणार, तेवढ्यात अभिमनने सहाव्यांदा गव्हात हात घातला.

"हाई कोनी रे?" झुलालने विचारलं.

अभिमनने दाराकडे पाहिलं. दारात त्याची बायको कमलबाई उभी होती, चाळिशीच्या उंबऱ्यावर आणि दिवस भरत आलेले. "पोटमाना धरीसन सहा," अभिमन म्हणाला आणि मूठ सुपात सोडली.

धुरपदाबाईने सूप मागे ओढलं. "अरे, जन्माले नही येल त्यानी मूठ कशी टाकस?"

"येवाना शे ना! आज ना उद्या येवानाच शे."

"नि पोऱ्या नही, आंडेर व्हयनी तं?"

"मना घर पोऱ्याच व्हस," अभिमन म्हणाला.

झुलालने नकळत भागाबाईकडे पाहिलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मनाकडे नका दखू. मनं दुकान बंद व्हई गयं."

सहा मुठींचा रोट दळला, रांधला, खाल्ला. पोळ्याच्या आदल्या दिवशी कमलबाईला मुलगी झाली.

आता इथे झुलाल गप्प बसला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण गप्प बसणं हा प्रकार त्याने अभिमनशी कधी खेळून पाहिला नव्हता. पोळ्याच्या दिवशी सगळं गाव बैल घेऊन वेशीजवळ उभं होतं, शिंगांना बेगड, पाठीवर झुली, आणि अभिमन आपली जोडी घेऊन पुढे आला. तेव्हा झुलाल सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "दखा रे, यानी कानबाईले बी फसाडं! मूठ जास्त, मानूस कमी!"

गाव हसलं. गावाचा त्यात दोष नाही, वाक्य चांगलं होतं. कोणीतरी विचारलं, "पोरनं नाव काय ठेवं?" तर झुलालच म्हणाला, "सव्वामूठ!"

बारशाला मुलीचं नाव प्रमिला ठेवलं. पण गावात ती सव्वामूठच झाली. शाळेत मास्तर हजेरी घेताना 'प्रमिला' म्हणाले की मागून पोरं 'सव्वामूठ' म्हणायची.

पोळ्याला अभिमन हसला नाही. त्याने बैलाची वेसण दोनदा तपासली, ती नीटच होती, आणि तो पुढे निघून गेला. झुलाल दोन दिवस उत्तराची वाट पाहत होता. अभिमनने आजवर कुठल्याच टोमण्याचं उत्तर दोन दिवसांपलीकडे ठेवलं नव्हतं. या वेळी त्याने अकरा महिने ठेवलं. पुढच्या श्रावणात धुरपदाबाई सूप घेऊन बसली, झुलालने पाच मुठी टाकल्या आणि सगळे भिंतीपलीकडच्यांची वाट पाहत राहिले. तेवढ्यात तोताराम चक्कीवरून आला. पिठाने भुवया पांढऱ्या झालेला तो माणूस दारात चुळबुळत म्हणाला, "माय, अभिमनआबाना रोट दयाई गया. सकायमाच."

रोट वेगळा झाला.

त्या दिवशी झुलालला पहिल्यांदा कळलं की आपण जिंकलो ते फार जास्त जिंकलो. त्याला रोट परत एक व्हायला हवा होता. अगदी मनापासून हवा होता. फक्त ते अभिमनने येऊन म्हणावं, एवढीच त्याची अट होती. भिंतीपलीकडे अभिमनचीही तीच अट असावी, कारण पुढची नऊ वर्षं कोणीच काही म्हटलं नाही. त्याऐवजी दोघांनी सामान वाढवलं.

अभिमनच्या कानबाईपुढे डफ आला तर झुलालच्या कानबाईपुढे पाचोऱ्याचा बँड आला. दुसऱ्या वर्षी अभिमनने एरंडोलचा बँड आणला, त्यात दोन ट्रम्पेट जास्त. विसर्जनाच्या सकाळी दोन्ही मिरवणुका एकाच गल्लीतून, एकाच वेळी निघायच्या. बाया डोक्यावर पाट घेऊन पुढे, आणि मागे दोन बँड दोन वेगळी गाणी इतक्या जोरात वाजवायचे की कुठल्या गाण्यावर नाचायचं ते न कळून माणसं नुसती जागच्या जागी उडायची. धुरपदाबाई खाटेवरून म्हणायची, "देवीना कान फुटतीन रे."

मग टीव्ही आले. अभिमनने अँटेनाला वीस फुटांचा बांबू लावला म्हणून झुलालने पंचवीस फुटांचा लावला. अभिमनने लोखंडी पाइप जोडून तीस केले. झुलालने भडगावच्या वेल्डरकडून पस्तीस फुटांचा खांब करून आणला आणि त्याला चार बाजूंनी तारांचे ताण दिले. त्यातला एक ताण अभिमनच्या भिंतीत ठोकावा लागत होता, म्हणून तीनच दिले. खांब वाऱ्याने जरा पश्चिमेकडे कलला. रविवारी सकाळी दोन्ही घरांत पडद्यावर सारख्याच मुंग्या दिसायच्या. झुलाल मुलांना सांगायचा, "आपल्या मुंग्या साफ दिसतस."

हे तरी एक वेळ ठीक होतं. अँटेनाला बायकोमुलं नसतात. पण अभिमनचा थोरला नाशिकला कंपनीत लागला आणि दिवाळीला टेपरेकॉर्डर घेऊन आला, तेव्हा झुलालची झोप गेली. त्याचा रतिलाल घरची शेती बघत होता, गुणी होता, बापाच्या हाताखाली खुश होता. झुलालने त्याला पंधरा दिवसांत सुरतेला धाडलं. "तो एकला गया, आमना दोन जातीन," असं म्हणून सहा महिन्यांनी बन्सीलालही धाडला. मग अभिमनचा मधला पुण्याला गेला. मग झुलालचा छगन, आणि त्याच्यामागे वना. भागाबाई स्टँडवर प्रत्येकाला शिदोरी बांधून द्यायची आणि परत येताना नवऱ्याच्या दहा पावलं मागे चालायची.

"घर खाली करी ऱ्हायनात तुम्ही," ती एकदा म्हणाली.

"अभिमननं बी खालीच व्हई ऱ्हायनं ना," झुलाल म्हणाला. या उत्तरात त्याला खरंच दिलासा वाटला होता.

नव्वद साली धुरपदाबाईने अंथरूण धरलं. ऐंशीच्या पुढची बाई, दात नाहीत, नजर गेलेली, पण आवाज अजून ओसरीपासून वेशीपर्यंत जायचा. श्रावण लागला तशी तिने दोघांना बोलावणं धाडलं. अभिमन नऊ वर्षांनी त्या ओसरीवर चढला. चढताना त्याने पायऱ्या मोजल्या, हे झुलालने पाहिलं.

"डोया मिटाना पहिले माले एकच रोट जेवू द्या रे," म्हातारी म्हणाली. "बस. दुसरं काही मांगत नही."

दोघांचे डोळे भरून आले. खोटं नाही सांगत, दोघांचेही. अभिमन पायाशी बसून मोठ्या मायचे पाय चेपायला लागला. झुलालने ते पाहिलं आणि दुसरा पाय धरला. अभिमन गुडघ्यापर्यंत चेपत होता म्हणून झुलाल गुडघ्याच्या वर गेला. "हात हटवा दोन्ही जन," म्हातारी ओरडली, "मोडशात मना पाय!" पण ती हसत होती. भागाबाईने सूप आणलं. कमलबाईही आली आणि दहा वर्षांची प्रमिला तिच्या पदराआड उभी राहिली. पोत्यातून गहू ओतला. नऊ वर्षांत झालं नव्हतं ते आता होणार होतं.

"टाका," धुरपदाबाई म्हणाली.

दोघांनी मुठी भरल्या. मुठी सुपावर आल्या आणि थांबल्या.

"पहिली मूठ कोनी?" झुलालने विचारलं.

"मी मोठा," अभिमन म्हणाला. "आठ दिवस."

"घर आमनं मोठं. मना बाप मोठा."

"बाप मोठा व्हता. तू लहान शे."

"अरे मना भाऊ व्हतस ना, दोन्ही संगे टाका," म्हातारी कळवळून म्हणाली. "मी तीन म्हनसू. एक... दोन... तीन!"

गहू पडला. भागाबाईच्या मते दोघांचा बरोबर पडला. कमलबाईच्या मतेही. पण झुलालला वाटलं की अभिमनचा दाणा आधी टेकला. "खोटी! परत!" तो म्हणाला.

"परत कसा? देवीना नावना दाना सुपमाईन काढतस का?"

काढत नाहीत, हे झुलालला माहीत होतं. मग निदान पुढच्या मुठी तरी आपल्या आधी पडाव्यात म्हणून त्याने घाईघाईने रतिलालची मूठ टाकली. ते पाहून अभिमनने थोरल्याची टाकली. झुलालने बन्सीलालची, अभिमनने मधल्याची. मग वेग वाढला. बावन्न वर्षांची ती दोन माणसं गुडघ्यांवर बसून, कुत्री माती उकरतात तशी दोन्ही हातांनी पोत्यातला गहू सुपात फेकत होती. मुलांची नावं संपली, नातवाची आली, म्हाताऱ्या पुनाची आली. तो चार वर्षांपूर्वीच वारला होता. सूप भरलं, सांडलं, उलटलं. गहू ओसरीभर झाला आणि पायरीवरून अंगणात गेला, आणि अंगणातल्या कोंबड्या धावत आल्या.

मग दोघे थांबले. धापा टाकत होते.

"कितल्या व्हयन्यात?" धुरपदाबाईने विचारलं. तिला दिसत नव्हतं.

कोणालाच सांगता येईना. मोजणी हरवली होती, आणि मोजणी हरवलेला रोट दळत नाहीत. कोंबड्यांचा आवाज येत होता. म्हातारीने तो ऐकला. मग तिने पदर तोंडावर ओढून घेतला आणि भिंतीकडे वळली.

त्या वर्षीही दोन रोट दळले गेले. धुरपदाबाईने दोन्हीतला घास घेतला नाही. दिवाळीनंतर ती गेली. तिरडीला पुढून खांदा कोणी द्यायचा यावर वाद नको म्हणून दोघांनीही पुढूनच दिला. अभिमन वीतभर उंच, त्यामुळे म्हातारी नदीपर्यंत एका कुशीवर कललेली गेली. झुलालने चवड्यांवर चालून पाहिलं, पण तिला काही सरळ करता आलं नाही.

त्यानंतर दोघे एकमेकांशी बोलले ते फक्त तोतारामच्या मार्फत. श्रावणात झुलाल चक्कीवर दळण ठेवायचा आणि वजनकाट्याकडे बघत, सहज विचारल्यासारखं विचारायचा, "त्याना कितला व्हयना?"

"नाना, रोटनं दयन सांगानं नही ऱ्हास."

"मी कोठे सांग म्हनस? नुसती मान हालाव. आपल्यापेक्षा जास्त?"

तोताराम मान हलवायचा नाही. पण त्याच्या डोळ्यांसमोरून दर वर्षी दोन्ही घरची पिठं जायची आणि त्याला एक गोष्ट दिसत होती. दोन्ही घरांत खाणारी तोंडं कमी होत होती आणि दळण वाढत होतं. मुलं सुरतेला, पुण्याला, नाशिकला. त्यांना तिकडे मुलगे होत होते, आणि त्या प्रत्येकाच्या नावाने इथे मूठ पडत होती. येणं हळूहळू कमी झालं. आधी सगळे यायचे, मग दोघे, मग एखादा, तोही सोमवारच्या पहाटेच्या गाडीने परत.

अठ्ठ्याण्णव साली झुलालने आठ मुठी टाकल्या. तो स्वतः, चार मुलं, तीन नातू. दहा किलो गहू झाला.

"खानार कोन?" भागाबाईने विचारलं.

"येतीन ना पोरं, बठ्ठा. मी फोन करस."

दळण आणून ठेवलं आणि शनिवारी तो भडगावला एसटीडीच्या दुकानात गेला. सुरतेला रतिलालच्या शेजारी फोन होता. रतिलाल आला, धापा टाकत.

"नाना, एक बोलायचं होतं," रतिलाल म्हणाला. सुरतेच्या बारा वर्षांत त्याची बोली बदलली होती. "आम्ही औंदा इथेच कानबाई बसवतोय. चाळीत सगळे आपलेच लोक आहेत. छगन आणि वनाही इथेच येतायत. बन्सीचाही तोच विचार आहे. रोट इथेच टाकलाय."

"इथेच म्हंजे?"

"म्हणजे आमचा आम्ही. वेगळा. तुम्हाला कशाला दर वर्षी त्रास?"

काचेच्या खोलीत लाल आकडे सरकत होते. "चांगलं," झुलाल म्हणाला. "बँड लावा बरं का." आणि त्याने फोन ठेवला.

वेगळा म्हणजे वेगळा. नियमाने आता त्याच्या घरात एकच मूठ होती, त्याची स्वतःची. बाकीच्या सात मुठींचं पीठ डब्यात भरून ठेवलेलं होतं. त्याने भागाबाईला सांगितलं की रेल्वेला फार गर्दी आहे. पुरण वाटताना तिचा पाटा जरा जोरात वाजला.

रविवारी कानबाई बसली. सोमवारी भागाबाईने पाट एकटीने नदीवर नेला. भिंतीपलीकडेही त्या वर्षी फारसा आवाज नव्हता, पण झुलालने आपल्या घरातला टेपरेकॉर्डर मोठा लावून ठेवला होता, त्यामुळे त्याला ते नीट कळलं नाही. मग म्हातारा-म्हातारी रोट खायला बसले. सोमवारी खाल्ला, मंगळवारी खाल्ला, बुधवारी झुलालचं पोट बिघडलं तरी ओवा घेऊन खाल्ला. गुरुवारी भागाबाईने ताट सरकवलं. "मना नावनी मूठ नही टाकेल," ती म्हणाली, "मी कितली खाऊ?"

शनिवारी पौर्णिमा. शुक्रवारी दुपारी, गल्ली झोपलेली असताना, झुलालने उरलेलं पीठ आणि वाळलेल्या पोळ्या जुन्या धोतरात बांधल्या आणि तो मागच्या वाटेने नदीवर निघाला. घाटावर कुणी नसणार अशी वेळ त्याने मुद्दाम निवडली होती.

घाटावर अभिमन बसला होता. बाजूला लुगड्यात बांधलेलं गाठोडं.

परत फिरणं म्हणजे हरणं, म्हणून झुलाल शेजारच्या दगडावर बसला. गाठोडं पाठीमागे ठेवलं. नदीला त्या वर्षी बऱ्यापैकी पाणी होतं.

"आंघोयले उना का?" अभिमनने विचारलं. आठ वर्षांतलं पहिलं वाक्य.

"हा. तू?"

"मी बी."

टॉवेल दोघांकडेही नव्हता.

"पोरं उनात?" झुलालने विचारलं.

"बठ्ठा. घरमा पाय ठेवाले जागा नही. तुना?"

"आमना बी बठ्ठा. आते जेवनात नि झोपनात."

"आवाज नही उना."

"दमेल शेतस. सुरत काय जवळ शे?"

दोघांनी मान हलवली. झुलालने डोळ्याच्या कोपऱ्यातून अभिमनचं गाठोडं पाहिलं. ते त्याच्याएवढंच होतं, कदाचित मूठभर मोठं. सवयीने त्याला ते झोंबलं आणि मग तो गोंधळला. मोठं गाठोडं म्हणजे जास्त मुठी. पण जास्त उरलेला रोट म्हणजे खाणारं कोणी नाही. मग यात जिंकलं कोण? साठ वर्षांत पहिल्यांदाच त्याला कळेना की अभिमनच्या पुढे असावं की मागे.

अभिमन थकला होता. त्याचे ते मोठे हात आता नुसती हाडं वाटत होती. झुलालला चिंचेखालचा अपूर्णांक आठवला. आता म्हणावं. अजून दोन मुठी आहेत, एक याची, एक माझी. एका सुपात मावतील. त्याने घसा साफ केला.

"अभिमन."

"काय?"

"काही नही. तू सांग."

अभिमनने एक खडा पाण्यात टाकला. "प्रमिलानं जमनं," तो म्हणाला. "धुयाना पोऱ्या शे. दिवाळीनंतर लगीन." मग थांबून, नदीकडेच बघत, "घरमा तीच एक ऱ्हायनी व्हती, भो."

'भो' म्हणाला. भाऊ म्हणाला. आणि घर रिकामं आहे हेही म्हणाला, पहिल्यांदा, स्वतःहून. झुलालचं सगळं अंग मऊ झालं. त्याला म्हणायचं होतं की पोर गुणाची आहे, धुळ्याला नाव काढेल, लग्नात पंगतीला मी वाढायला उभा राहीन, येत्या श्रावणात सूप तू मांड, पहिली मूठ तुझी. हे सगळं एकदम जिभेवर आलं. पण ती जीभ चाळीस वर्षं एकाच कामाला जुंपलेली. ती आपल्या जुन्या तासात गेली.

"म्हंजे," झुलाल हसून म्हणाला, "आते सव्वामूठ बी धुयाले चालनी!"

त्याला ते प्रेमाने म्हणायचं होतं. ते तसं ऐकू आलं नाही.

अभिमनने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. वेशीजवळ बैलाच्या वेसणीकडे पाहिलं होतं तसं. मग तो उठला, गाठोडं सोडलं आणि पाण्यात झटकलं. पीठ पांढरं पसरलं, पोळ्या तरंगल्या. बरंच होतं. घरात कोणीही आलं नव्हतं हे सांगायला पुरेसं होतं.

"पहिली मूठ मनी," तो म्हणाला, आणि लुगडं खांद्यावर टाकून चढण चढू लागला. मधे दोनदा थांबला. मागे पाहिलं नाही.

"अभिमन, अरे, मी तं..." झुलाल म्हणाला. पण पुढचं वाक्य त्याला माहीत नव्हतं. तशी वाक्यं त्याने कधी बनवलीच नव्हती.

 मग पौर्णिमा लागायच्या आत करायलाच हवं होतं म्हणून त्याने गाठोडं सोडलं आणि आपला रोट पाण्यात ओतला. गुडघाभर पाण्यात उभा राहून तो पाहत होता. अभिमनचं पीठ वळणाजवळच्या दगडाला अडून गोल फिरत होतं. झुलालचं पीठ धारेला लागलं, त्या दगडाच्या बाजूने निसटलं आणि चांगलं हातभर पुढे निघून गेलं.

"गयं रे पुढे!" तो ओरडला आणि सांगायला मागे वळला.

घाटावर कोणी नव्हतं.